डोकी धुणारीचा वाफा

या, अशा जवळ या. मागं कोण बसलंय, तुम्हीही पुढं सरका. ही गोष्ट मोठ्यानं सांगितली तर बुजते. ज्यांना डुलकी येत असेल त्यांनी खुशाल डुलावं, देव त्यांचं भलं करो. जे जागे राहतील त्यांना एका बाईच्या तळहातांची गोष्ट सांगते. फार माणसं नाहीत तिच्यात. दोन बहिणी आहेत, परसातला एक वाफा आहे आणि एक भाजी आहे. भाजीत भिण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही आधी तसंच म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळी धाकटीनं वाफ्यात उरलेल्या शेवटच्या ब्रोकोलीवर हात ठेवला आणि तिला वाटलं, हे डोकं आपल्या ओळखीचं आहे. हात ठेवला होता तो भलत्याच कामासाठी. गड्डा कापणीला आला की नाही ते डोळ्यांना नीट कळत नाही; कळ्या गच्च आहेत की सैलावायला लागल्यात हे तळव्यालाच समजतं, असं तिच्या ताईनं तिला शिकवलं होतं. ब्रोकोलीची ही जात बुटकी होती. हिची पानं ऐसपैस पसरायची नाहीत, रोपं एकमेकांना खेटून गुपचूप बसायची, आणि पानांच्या मधोमध मुठीएवढा, मग दोन मुठींएवढा निळसर हिरवा गड्डा धरायचा, रवाळ, घट्ट, दवानं गार. धाकटीनं नेहमीसारखा तळवा टेकवला, बोटं जराशी वाकवली, आणि मधल्या बोटाचं टोक मागच्या बाजूला, टाळूच्या खाली, डावीकडं, एका खळग्यात अलगद जाऊन बसलं. खळगा अंगठ्याच्या पेराएवढा, गोल कडेचा. बोट तिथं असं बसलं, जसं आपल्या घराच्या कडीवर बसतं, अंधारातसुद्धा न चुकता. मग तिच्या लक्षात आलं की आपण मनात टाळू हा शब्द वापरला. भाजीला कुठली टाळू? तिनं हात उचलला नाही. तळव्याखाली तो गड्डा ऊबदार वाटायला लागला होता, आणि सकाळ तर चांगली थंड होती. "ताई," ती पुटपुटली. हाक नव्हती ती, नुसता श्वास होता. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून लगेच उत्तर आलं, "काय गं?" आणि धाकटीनं हात असा झटकन मागं घेतला, जसा चोरी करताना घेतात.

धाकटी पन्नाशी ओलांडलेली होती, पण धाकटी ती धाकटीच. ताई एकदा तिच्या कामाच्या जागी छत्री द्यायला गेली आणि दारातून "धाकटे!" म्हणून ओरडली, तेव्हापासून तिथंही तिला तेच नाव पडलं. कामाची जागा म्हणजे केस कापायचं, रंगवायचं एक बरं चाललेलं दुकान. पुढच्या खोलीत आरसे, कात्र्या, गप्पा. मागच्या खोलीत मान टेकायला खाच असलेली चिनी मातीची कुंडी, कोमट पाण्याची तोटी आणि धाकटी. ती कापत नसे, रंगवत नसे. ती डोकी धुवायची. माणूस येऊन मान मागं टाकायचा, डोळे मिटायचा आणि आपलं सगळं वजन तिच्या हातात सोडायचा. चेहरे तिला उलटे दिसत, हनुवटी वर आणि कपाळ खाली, त्यामुळे ते तिच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी "ओळखलं का?" म्हणून हसलं की ती कावरीबावरी व्हायची. पण तेच डोकं एकदा हातात आलं की झालं. कुणाच्या कानामागं हाडाची उंच धार, कुणाची मागची बाजू पाटासारखी सपाट, कुणाच्या माथ्यावर लहानपणी शिवलेल्या जखमेची रेघ. मालकीण कौतुकानं नव्या गिऱ्हाइकांना सांगायची, "हिच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि दहा डोकी पुढं करा, नावानिशी सांगेल." धाकटी म्हणायची, "नावानिशी नाही हो. नावं कुठं माझ्या लक्षात राहतात." ती खरंच बोलायची. तिच्या हातात नावं राहत नव्हती, माणसं राहत होती.

त्या माणसांत एक बुवा होते. गाऊन प्रवचन सांगणारे. त्यांच्या सभागृहात रविवारी पाय ठेवायला जागा नसायची, आणि ताई तर त्यांच्यासाठी जीव टाकायची. म्हणायची, "नुसतं बोललेलं कानापर्यंत जातं गं, गायलेलं छातीत उतरतं." रविवारच्या आदल्या दिवशी बुवा केस धुवायला येत, मान टेकत आणि उद्या गायचं ते ओठ मिटून गुणगुणत. तेव्हा त्यांची कवटी धाकटीच्या ओंजळीत भांडं घुमावं तशी घुमायची. पाणी, फेस, बोटं, सगळ्यांतून तो सूर तिच्या कोपरापर्यंत चढायचा. एकदा गुणगुणणं थांबवून ते डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, लोक विचारतात देव कसा दिसतो. मला वाटतं देवालाच दिसत नाही. तो आंधळा असणार. म्हणून तर तो आपल्याला चाचपून ओळखतो, आणि म्हणून आपण एवढे दुखतो." धाकटी म्हणाली, "पाणी गरम नाही ना?" दुसरं काय म्हणणार? पण ते वाक्य तिनं घरी आणून ताईला दिलं, आणि ताईनं ते भाजीबरोबर तोंडात घोळवून घोळवून खाल्लं.

ही ब्रोकोली ताईची. दुखणं येण्याआधी ताई बसआगारात गाड्यांची घोषणा करायची. सगळा जन्म भोंग्यातून बोलण्यात गेला, त्यामुळे घरातही साधं बोलणं तिला जमायचं नाही. बिया तिनंच आणल्या, ट्रेमध्ये पेरल्या, रोपं चार पानांची झाल्यावर परसातल्या वाफ्यात आणि खिडकीखालच्या लाकडी खोक्यांत लावली, बुडाशी माती पायानं दाबून दाबून घट्ट केली. "सैल मातीत गड्डाही सैल धरतो. माणसासारखंच," ती म्हणाली होती. मग तिचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले आणि वाफा धाकटीकडं आला. पांढरी फुलपाखरं पानांच्या मागं पिवळी अंडी घालायची ती चिमटीनं चिरडायची, देठाच्याच रंगाच्या अळ्या शोधायच्या, पाणी रोज सारखं द्यायचं, हे सगळं ताई खिडकीत बसून ओरडून सांगायची. डोक्याला कायम रुमाल. केस गेल्यापासून तिनं डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता, धाकटीलाही नाही. "जगाची डोकी चाचपतेस ती चाचप. हे नको," एवढंच ती म्हणाली होती, आणि ते मात्र भोंग्यातून नाही, अगदी हळू.

पहिला गड्डा धरला तो कुंपणाच्या कडेचा. धाकटीनं त्यावर तळवा ठेवला आणि तिला हसू आलं. हुबेहूब बुवा! कपाळाकडं उतरती चढण, मागं दोन उंचवटे आणि मधे घळ. तिला वाटलं, आता हा गुणगुणेल. ताईला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण ताईच्या बुवांना भाजी म्हटलं तर ती चिडेल, म्हणून तिनं सांगितलं नाही. कापला, मिठाच्या पाण्यात घातला, वाफवला, लोणी घातलं. ताईनं चार घास खाल्ले. त्याच आठवड्यात मागच्या खोलीत एक बाई मान टेकता टेकता म्हणाली, "कळलं ना तुम्हाला? गाणारे बुवा गेले. गाता गाताच. सूर लांबवला आणि परत आलेच नाहीत." धाकटीच्या हातातल्या तोटीचं पाणी बाईच्या कानावर सांडलं. योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. म्हातारे होते. पण हात स्वतःहून साबणाच्या पाण्यात गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. त्यानंतर सपाट मागच्या बाजूचा एक गड्डा आला. ते डोकं चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचं. तो तिनं कापला नव्हता. ती कामावर असताना ताईनंच काठी टेकत जाऊन कापला आणि शेजारी देऊन टाकला. चष्म्याच्या बाई पुन्हा आल्या नाहीत. गावाला गेल्या, दुकान विकलं, मुलाकडं राहतात, जो तो वेगळं सांगत होता. मेल्या असं कुणीच म्हणालं नाही. फक्त त्या आल्या नाहीत. आणि यापेक्षाही धाकटीला जे खात होतं ते वेगळंच होतं. बाकीचे गड्डे तिनं हात न लावता, घाईत, वरच्या वर कापले होते. ते कुणाचे होते, कोण जाणे.

आता शेवटचा उरला होता आणि तो ताईचा होता. खळगा तिला पक्का ठाऊक होता. लहानपणी परसातल्या झोपाळ्यावरून ताई पडली होती. झोपाळ्याच्या फळीची कड डोक्याला लागली होती. धाकटीला ते सगळं चित्रासारखं दिसायचं. ताईचा पिवळा झगा, झालरीचा, आणि गळ्यापासून खाली रक्तानं लाल झालेला. ताईचं रडणं मात्र तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त झगा, अगदी जवळून दिसलेला, विणीचा धागा न् धागा, आणि त्याला येणारा ओल्या लोखंडाचा वास.

नेमकं त्याच सकाळी ताईनं तो गड्डा मागितला. महिनोन्‌महिने तिच्या तोंडाला चव नव्हती. पेज, सूप, फळांचा रस, जे काही पुढं ठेवलं ते चमच्यानं ढवळून ती बाजूला सारायची. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "औषधं आपलं काम करताहेत. पण अंगात काही गेलं नाही तर औषधांनी कशाच्या जोरावर लढायचं? काय मागतील ते द्या. मागताहेत तोवर द्या." आणि आज ताई खिडकीतून म्हणाली, "काय गं, मघाशी हाक मारलीस?" आणि मग लगेच, "त्या शेवटच्याचं काय झालं? आला असेल ना? आज मला कुरकुरीत काहीतरी खावंसं वाटतंय. तोंडाला पाणी सुटलंय बघ, किती दिवसांनी." धाकटी वाफ्यापाशी उकिडवी बसून राहिली. "अजून कच्चा आहे," ती म्हणाली. "कच्चा कसला? मला इथून दिसतोय." "तुला इथून काय दिसतंय, चष्मा तर उशाशी आहे." "बरं बाई. राहू दे कच्चा," ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजातला भोंगा विझला. दुपारी धाकटीनं बाजारातून दुसरी ब्रोकोली आणली, मोठी, फताड्या पानांची. ताईनं एक तुरा तोंडात घातला, चावला, रुमालात काढला. "ही माझी नाही," म्हणाली.

मग दिवस तसेच जात राहिले. धाकटी सकाळी उठून आधी ताईच्या खोलीत डोकवायची, रुमालाखालचा श्वास चालू आहे का बघायची, मग परसात जायची. गड्डा रोज थोडा मोठा, थोडा उष्ण. ऊन वाढायला लागलं होतं. तिनं त्यावर ओली जुनी ओढणी टाकली, मग ती ओढणी ताईच्या रुमालासारखी दिसते म्हणून काढली, मग पुन्हा टाकली. कापला तर काय होईल याची तिला भीती वाटत होती, आणि न कापला तर काय होतं हे तिला माहीत होतं. ऊन लागलं की कळ्या सुट्या होतात, फुगतात, एखाद्या सकाळी पिवळी फुलं उमलतात, आणि मग त्यात खाण्यासारखं काही राहत नाही, नुसता भुसा आणि वर घोंगावणाऱ्या माश्या. म्हणजे दोन्हीकडून तेच. ताई इकडं वाळत होती, गड्डा तिकडं सैलावत होता, आणि दोघांच्या मधे धाकटी हातात पाण्याची झारी घेऊन उभी. कामावर तिला डोकी जड वाटायला लागली. मान टेकून डोळे मिटलेला माणूस म्हणजे पानांतून वर आलेला गड्डा, असं एकदा मनात आलं आणि मग ते जाईना. फेसाळलेल्या केसांतून बोटं फिरवताना ती कानांच्या खाली देठ चाचपायची. एका बाईनं डोळे उघडून विचारलं, "काय शोधताय?" "काही नाही," धाकटी म्हणाली, "गाठ होती केसांत." प्रार्थना करावी म्हटलं तर बुवांचं वाक्य आठवायचं. आंधळा देव अंधारात बसलाय, एकेका गड्ड्यावरून हात फिरवतोय. त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे?

शेवटी ताईनं समोरासमोर विचारलं. रविवार होता. धाकटी अळ्या शोधत होती, आणि मागं काठीचा आवाज आला. ताई स्वतःच्या पायांनी परसात आली होती, दुसऱ्या हातात भाजीची सुरी. झगा अंगावर असा लोंबत होता की आत कुणी आहे की नाही शंका यावी. पण आवाज लावला तो आगारातला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. ब्रोकोलीकडून पोटाकडं जाणारी गाडी बऱ्याच दिवसांपासून उभी आहे. चालक कुठं तोंड लपवून बसलाय त्यानं ताबडतोब हजर व्हावं." धाकटीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं. ती दोन्ही हात पसरून गड्ड्याच्या पुढं बसली, कोंबडी पिलांपुढं बसते तशी. "नाही कापायचा," ती म्हणाली. "अगं, पिवळा पडायला आलाय! हे बघ, ही कडा. उद्या गुरंसुद्धा खाणार नाहीत." "पडू दे." "मी उपाशी मरतेय आणि तू भाजीला कुरवाळतेस?" ताई चिडली होती. खरोखरच चिडली होती. "काय ठेवलंयस तू त्यात?" "तू आहेस त्यात!" धाकटी ओरडली.

मग तिनं सगळं सांगितलं. बुवा, चष्म्याच्या बाई, हात न लावता कापलेले ते बाकीचे, झोपाळा, खळगा. सांगताना ते फार खुळचट वाटत होतं. उन्हात सांगितलं की भीती लाजते. ताई काठीवर रेलून ऐकत होती. आधी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थट्टा जमा झाली, बुवांचं नाव आलं तेव्हा ती थट्टा गेली, आणि झोपाळ्यापाशी तिनं भुवया उंचावल्या. ती खोक्याच्या कडेवर सावकाश बसली, सुरी मांडीवर ठेवली, आणि हनुवटीखालची गाठ सोडून रुमाल काढला. "ये," ती म्हणाली. "लाव हात."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धाकटीनं तिचं डोकं हातात घेतलं. केस नुकते उगवायला लागले होते, अळीच्या पाठीवर असते तशी मऊ लव. त्याखाली कवटी ऊबदार, पातळ, पक्ष्याच्या अंड्यासारखी. तळवा टेकला, बोटं वाकली, मधलं बोट मागं गेलं, टाळूच्या खाली, डावीकडं. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत होतं. धाकटीनं बोट थोडं वर नेलं, खाली नेलं, उजवीकडं बघितलं, मग दोन्ही हातांनी, खिशात किल्ली सापडत नाही तेव्हा माणूस चाचपतो तशी घाईघाईनं, सगळं डोकं चाचपलं. "काय गं, हरवलं का?" ताई म्हणाली. "खळगा..." "खळगा माझा कधी होता? झोपाळ्यावरून तू पडली होतीस, वेडे. मी तुला उचलून पळत घरात आणलं. तुझं डोकं असं छातीशी दाबून धरलं होतं, सगळं रक्त माझ्या झग्यावर. तो पिवळा झगा आईनं फेकून दिला, त्यासाठी मी तुझ्यापेक्षा जास्त रडले." तिनं हात लांब करून धाकटीचं डोकं आपल्याकडं ओढलं आणि न शोधता, न चुकता, मागं डावीकडं बोट ठेवलं. "हा. तेल लावताना माझं बोट इथंच बसायचं. अजून बसतं बघ."

धाकटी तशीच वाकून राहिली. ताईचं बोट आपल्या डोक्यात उतरल्यासारखं तिला वाटलं. इतकी डोकी हाताखालून गेली, आणि हे एक राहिलं. रोज आंघोळीला आपलाच हात आपल्या डोक्यावरून फिरतो, पण कोण कुणाला चाचपतंय तेच तेव्हा कळत नाही, म्हणून कळलं नसेल. झगा इतक्या जवळून दिसला होता, कारण तिचं तोंड त्यातच दाबलेलं होतं. म्हणजे तो गड्डा... आणि मग, ऐका बरं का, तिला काय वाटलं असेल? भीती? भीती मागाहून आली. आधी छातीवरचा दगड उतरला. इतका सुटसुटीत श्वास तिनं कित्येक दिवसांत घेतला नव्हता. माझा होय! एवढंच ना!

ताईच्याही ध्यानात आलं, पण ती काठीनं चालणारी बाई. तिला उशीर झाला. "थांब," ती म्हणाली, "थांब, धाकटे, मला नको आहे ते, मला भूकच नाही..." तोवर धाकटीनं तिच्या मांडीवरची सुरी उचलली होती. पानं बाजूला सारली, देठाला सुरी तिरकी लावली, पाणी साचू नये म्हणून तिरकी, ताईनंच शिकवली होती तशी, आणि ओढली. कट्‌ असा आवाज झाला. तेवढाच. देठाच्या कापावर पाण्याचा एक थेंब फुगला. धाकटीनं गड्डा दोन्ही हातांत धरला, बाळ धरतात तसा मानेखाली आधार देऊन, आणि आत गेली.

चूल पेटवली, तुरे सोडवले, मिठाच्या पाण्यात घातले. पाण्यावर एक हिरवी अळी तरंगून वर आली, ती तिनं चमच्यानं काढून खिडकीबाहेर सोडली. वाफ काढली, लोणी घातलं, मिरपूड टाकली. ताई टेबलाशी बसली होती, डोकं उघडं, गालांवरून पाणी. "मी नाही खाणार." "आता कापलाय. परत चिकटवता येत नाही." "तू खा." "स्वतःला कोण खातं?" धाकटी म्हणाली, आणि त्यावर दोघींनाही हसू फुटलं, वाईट, आवरता न येणारं हसू, लहानपणी पाहुण्यांपुढं फुटायचं तसं. हसता हसता ताईनं पहिला तुरा तोंडात घातला. चावला. तिचे डोळे आपोआप मिटले. देवा, भूक काय चीज असते! जीव नको म्हणतो आणि दात मागतच राहतात. गिळून तिनं घाईनं डोळे उघडले. "आहेस ना?" "आहे." दुसरा तुरा. "आहेस ना गं?" "आहे गं. नीट चाव." खिडकीबाहेर कुठं तरी रेडिओ चालू होता, मग बंद झाला. ताई खात होती, बशीकडं न बघता, धाकटीवरची नजर न हलवता, दर घासाला विचारत होती, आणि धाकटी दर घासाला सांगत होती. तिला दुखत काही नव्हतं. फक्त प्रत्येक घासाबरोबर तळव्यांतून काहीतरी निघून जात होतं, पाणी सोडल्यावर कुंडीच्या तळाशी शेवटी गोल फिरत जातं तसं. "आहेस ना?" "आहे." बशी पुसून झाली. ताईनं लोणी बोटानं निपटून चाटलं, खुर्चीत मागं रेलली, आणि बसल्या जागी झोपली. तिच्या गालांवर किती तरी दिवसांनी रंग होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत पहिलं डोकं हातात आलं. धाकटीनं तोटी सोडली, फेस केला, बोटं फिरवली. केस होते, पाणी होतं, गोल काहीतरी जड होतं. ती थांबली. पुन्हा फिरवली. "पहिल्यांदाच आलात का?" तिनं विचारलं. खालून उलटा चेहरा हसला, "थट्टा करता का बाई? किती वर्षं येतेय मी तुमच्याकडं." मालकीण पडद्याआडून म्हणाली, "अगं, ह्यांना नाही ओळखलंस? आज काय झालंय तुला?" दिवसभर तेच. डोकी येत होती, जात होती, सगळी सारखी, सगळी कुणाचीही. कानामागची धार लागली तर ती नुसती धार होती. शिवणीची रेघ नुसती रेघ. बुवांची ती घुमणारी कवटी तिनं आठवायला घेतली तर शब्द आठवले, हाताला काहीच आठवलं नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताई उठून बसली होती, भाताचं पातेलं पुढ्यात ओढून. "बस, बस, भूक लागलीय नुसती!" ती ओरडली, भोंग्यातून. मग धाकटीचा चेहरा बघून तिनं पातेलं बाजूला सारलं. रुमाल नव्हताच. तिनं मान पुढं केली. धाकटीनं तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, मऊ लवीवर, आणि बराच वेळ तसाच ठेवला. ऊब होती. परकी, गोड ऊब, गाडीत शेजारी पेंगणारं कुणीतरी खांद्यावर कलंडलं तर लागते तशी. "ओळखलंस ना?" ताईनं विचारलं. "ओळखलं," धाकटी म्हणाली.

ताई अजून आहे. खाते, ओरडते, परसात पुढच्या हंगामाची माती दाबते. धाकटीही आहे, रोज मागच्या खोलीत उभी असते, हात हलके आहेत म्हणून लोक नावाजतात. पण जिच्या तळव्यांत इतकी माणसं नावाशिवाय सुखानं राहिली, तिच्या तळव्यांत आता कुणी राहत नाही, आणि स्वतःचं डोकं कसं होतं हेही तिला माहीत नाही. ते माहीत असलेलं बोट एकच, आणि ते बोट म्हातारं होत चाललंय. म्हणून तुम्हाला विनवते. कधी कुणाच्या हातात मान टाकून डोळे मिटाल, कोमट पाणी केसांत शिरेल आणि तुमचं सगळं वजन कुणीतरी पेलून धरेल, तेव्हा क्षणभर तिची आठवण काढा. तिनं तुम्हाला विसरून आपल्या माणसाला जेवू घातलं. तुम्ही मात्र तिला विसरू नका.